तारीखरावांचं कपाट

जेवणं आटोपली आणि वीज गेली, तेव्हा सगळे आपापल्या उशा घेऊन गच्चीवर आले. थोरली भाची त्याच महिन्यात एका औषधाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरीला लागली होती. तिनं आल्याआल्या मामांपाशी तक्रार मांडली.

"मामा, आमच्याकडे एक वेड आहे. बाटली आली की तारीख लिहा. उघडली की तारीख लिहा. वैताग नुसता! रसायन म्हणजे काय दूध आहे नासायला?"

"दूध नासलं तर वास येतो," मामा म्हणाले. "ह्या वस्तू नासल्या तरी गप्प बसतात."

"झालं, मामा सुटले," धाकटा भाचा म्हणाला. तो बँकेत होता आणि कशावरच विश्वास ठेवत नसे. "आता भूत येणार."

"भूत म्हण, नाहीतर काहीही म्हण." मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. ज्याच्यावर गुदरली तो आमचा स्टोअरकीपर. त्याच्या घरचा चहा मी कितीदा प्यालोय. मला खोटं सांगायचं कारण नाही, आणि त्याला तर मुळीच नव्हतं. थापा मारायला जी कल्पना लागते, ती त्या बापड्याकडे नव्हती."

मग मामांनी सांगितलं ते असं.

गुरुवार होता. तीस नोव्हेंबर. स्टोअरकीपर आणि त्याची बायको कॉलेजच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. बायको रसायनशास्त्राच्या लॅबमध्येच मदतनीस होती, बारा वर्षं. प्रॅक्टिकलच्या आधी बाटल्या काढणं, उघडणं, मुलांच्या टेबलांवर लावणं हे तिचं काम. स्टोअरचं कुलूप नवऱ्याकडे, लॅबचा ताबा बायकोकडे. दोघांचं भांडण घरातून निघून लॅबमध्ये पोचायचं आणि संध्याकाळी परत घरी यायचं, असं लोक म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं. स्टोअरकीपर दिवसभर उत्तरपत्रिका आणायला बाहेरगावी गेला होता. बायकोनं त्याच्या किल्लीनं स्टोअर उघडून लागतील त्या बाटल्या काढल्या होत्या. रात्री तो जेवून हात पुसत होता, तेव्हा ती म्हणाली,

"अहो, त्या ईथरच्या बाटलीचं झाकण काही केल्या फिरेना. दोनदा जोर लावला. मनगट दुखतंय अजून."

"नवी बाटली आहे ना?"

"तुमच्याच लेबलवर ऑगस्ट लिहिलंय. मी ती स्टोअरमधल्या टेबलावर काढून ठेवलीय. पक्कड न्या आणि जरा मोकळं करून ठेवा."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या वर्षी! सकाळी सातला बाहेरचे परीक्षक लॅबमध्ये येणार. त्यांच्यासमोर मी बाटलीशी कुस्ती खेळत बसू?"

त्यानं शिलाई मशीनच्या खणातून पक्कड काढली, टॉर्च घेतला आणि चपला अडकवल्या. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"झाकण उघडलंत की परत नुसतं टेकवून ठेवा," ती आतून ओरडली. "उडून जातं ते!"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. खरं तर त्याला ठाऊक नव्हतं. तो मूळचा ग्रंथालयातला माणूस.

इथे त्याच्या आधीच्या स्टोअरकीपरबद्दल सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं ते स्टोअर सांभाळलं. मुलं त्यांना तारीखराव म्हणायची, कारण भेटेल त्याला ते एकच प्रश्न विचारायचे: "तारीख घातलीस का?" बाटली आली ती तारीख, उघडली ती तारीख, काढून टाकायची ती तारीख. शाईच्या पेनानं, बारीक, सरळ अक्षरात. आणि जुनी बाटली तपासायला गेले की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मग वाकून बघायचे. "बघायचं ते डोळ्यांनी. हात मागे!" मुलं त्यांची नक्कल करायची. प्राध्यापकसुद्धा करायचे, ते समोर नसताना.

स्टोअरच्या कोपऱ्यात त्यांचं एक वेगळं कपाट होतं. लोखंडी, दारावर लाल पट्टा रंगवलेला. ज्यांची मुदत संपली त्या बाटल्या ते तिथे ठेवायचे आणि कुलूप घालायचे. त्यांची विल्हेवाट लावायला जाणकार माणसं बोलवावी लागतात, ती येईपर्यंत त्या तिथेच राहायच्या. माणसं आली नाहीत. नऊ फेब्रुवारीला तारीखराव गेले. छातीत दुखलं आणि दोन तासांत आटोपलं.

त्यांच्या जागी कोण? रसायनं शिकलेला माणूस मिळेना, म्हणून ग्रंथालयातला हा नेमला. नीटनेटका, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वीस वर्षं त्यानं पुस्तकं सांभाळली होती. पुस्तक फाटलं की चिकटवायचं, कव्हर मळलं की नवं घालायचं, पाठीवर नवी चिठ्ठी लावायची. पुस्तक पुन्हा दहा वर्षं जगतं.

ऑगस्टमध्ये तपासणी समिती येणार होती. त्याची बायको तेव्हा आजारी आईपाशी महिनाभर माहेरी गेलेली. स्टोअरमधली लेबलं डागाळलेली, ॲसिडनं खाल्लेली, काहींवरचं अक्षर लागत नव्हतं. ह्यानं ठरवलं, सगळं एकदा चकचकीत करायचं. संगणकावर लेबलं छापून घेतली. दोनशे बारा बाटल्या. प्रत्येकीच्या जुन्या लेबलवर नवं लेबल, काठाला काठ जुळवून. लेबलवर एक जागा तारखेची होती. तिथे काय घालायचं? त्यानं त्या दिवशीची घातली. सतरा ऑगस्ट. सगळ्यांना एकच.

आणि ते लाल पट्ट्याचं कपाट? समिती विचारेल हे काय, म्हणून त्यानं ते उघडलं. आत सात बाटल्या. त्यांनाही नवी लेबलं लावली आणि वर्णानुक्रमानं इतर बाटल्यांत नेऊन बसवल्या. रिकाम्या कपाटात फडकी आणि झाडू ठेवले.

समितीनं पाठ थोपटली.

"आई गं," थोरली भाची अंधारातून म्हणाली. तिच्या उशीचा आवाज झाला. ती उठून बसली होती.

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं. "लेबलं तर लावली ना नीट?"

"तू गप्प बस. मामा, पुढे?"

स्टोअरकीपर फाटकापाशी आला. वॉचमन नवा होता, चारच दिवसांचा. तो खुर्चीवरून उठला.

"साहेब, तुमचे पाहुणे वर गेलेत."

"कसले पाहुणे?"

"वयस्कर गृहस्थ. पांढरा शर्ट. मी हाक मारली, पण थांबले नाहीत. हात पाठीमागे बांधून सावकाश जिना चढले."

"परीक्षक असतील. गेस्ट रूममध्ये उतरणार होते. झोप येत नसेल."

"मग बरोबर," वॉचमन म्हणाला आणि परत खुर्चीत बसला. "सारखे खाली वाकून काहीतरी बघत होते हो. मला वाटलं, काही पडलं की काय."

स्टोअरकीपर जिना चढला. वरच्या मजल्यावर लांब व्हरांडा, एका बाजूला वर्ग, टोकाला लॅब. व्हरांड्यात कुणी नव्हतं. लॅबच्या दाराला कुलूप होतं, बायकोनं संध्याकाळी लावलं होतं तसंच. किल्ली आता त्याच्याच खिशात होती. त्यानं कुलूप काढलं. लॅब ओलांडली, टेबलांच्या मधून, पडताळणी केल्यासारखा प्रत्येक नळ बंद आहे ना बघत. मग आतलं स्टोअरचं दार. तेही कुलूपबंद. तेही उघडलं.

बटण दाबलं. ट्यूब फडफडली, एकदा, दोनदा, आणि लागलीच नाही.

त्यानं टॉर्च लावला. समोर टेबल. टेबलावर तपकिरी बाटली, पुस्तकाएवढी उंच. तिच्यावर त्याचं स्वच्छ लेबल. सतरा ऑगस्ट. टेबलामागे बाटल्यांचे चार उंच रॅक, एकामागे एक, माणूस कसाबसा जाईल एवढं अंतर ठेवून. सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, ते कपाट.

त्यानं टॉर्च टेबलावर आडवा ठेवला, उजेड बाटलीवर पडेल असा. पक्कड काढली.

तेव्हा आवाज आला.

रॅकच्या मागून. चपलेचा, घासत पडणारा. एक पाऊल. मग शांत.

एक पाऊल. शांत.

"कोण आहे?"

एक पाऊल.

"सर? परीक्षक सर, तुम्ही आहात का?" असं त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं की दोन कुलुपं त्यानं आत्ता स्वतःच्या हातानं काढली आहेत.

उत्तर आलं नाही. पाऊल मात्र पडत होतं. घाई नव्हती. एक पाऊल, आणि वाकून एखादी वस्तू बघायला जेवढा वेळ लागेल तेवढी शांतता. पुन्हा एक पाऊल. चौथ्या रॅकच्या पलीकडून ते कोपऱ्याकडे गेलं. कपाटापाशी थांबलं.

कपाटाचं दार करकरलं. ते दार जरा वाकलेलं होतं, उघडताना नेहमीच करकरायचं.

मग बराच वेळ काहीच नाही.

तो मामांना म्हणाला होता की त्या रात्रीत सगळ्यात भयंकर काय वाटलं असेल, तर ती शांतता. कुणीतरी घरी परत यावं, खोलीचं दार उघडावं, आणि आत आपली माणसं नसावीत. तशी.

पावलं परत निघाली.

आता ती थांबत नव्हती. चौथ्या रॅकमधून तिसऱ्यात. तिसऱ्यातून दुसऱ्यात. शोधत असल्यासारखी. एका ठिकाणी थबकली, पुढे गेली. पुन्हा थबकली. पहिल्या रॅकच्या मागे आली. मग टेबलाच्या पलीकडे.

तिथे थांबली.

त्यानं टॉर्च उचलून उजेड टाकला. टेबलाच्या पलीकडे रॅक होता, बाटल्या होत्या. माणूस नव्हता.

माणूस घाबरला की काय करतो? पळतो. हा नाही पळाला. आयुष्यभर त्यानं दिलेलं काम पुरं केलं होतं. त्यानं स्वतःला सांगितलं, उंदीर आहे. झाकण फिरवायचं, दार लावायचं, घरी जायचं. दोन मिनिटांचं काम. त्यानं टॉर्च परत ठेवला. डाव्या हातानं बाटली धरली. उजव्या हातानं पक्कड झाकणावर बसवली. दात नीट बसले. आता फक्त मूठ आवळायची...

मूठ आवळेना.

त्याला वाटलं, हात बधिर झाला. मग हात मागे गेला. आपोआप नाही. कुणीतरी नेला. मनगटाला धरून, हळू. पक्कड सुटून फरशीवर पडली. मग डावा हात. बाटलीवरून एकेक बोट सोडवलं गेलं. करंगळी. अनामिका. मधलं. अगदी जपून... बाटली जरासुद्धा हलू नये असं.

दोन्ही हात पाठीमागे. मनगटावर मनगट.

धरणारे हात थंड नव्हते. कोरडे होते. खडूसारखे.

त्यानं ओढून बघितलं. नाही सुटले. ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. मानही वळवता येईना, म्हणजे वळवायची हिंमत होईना. मानेवर श्वास नव्हता. मागे कुणीतरी उभं होतं आणि श्वास घेत नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.

हात मागे. समोर बाटली. तिच्यावर उजेड.

बघण्याखेरीज त्याला काही करताच येत नव्हतं. म्हणून त्यानं बघितलं. त्या लेबलच्या पलीकडे, पहिल्यांदाच.

बाटली अर्धी होती. ऑगस्टमध्ये आलेली, कुणी न उघडलेली बाटली... अर्धी?

झाकणाच्या खाली, काचेच्या मानेभोवती, पांढरं काहीतरी. मिठाच्या कण्यांसारखं. नाही, सुयांसारखं. बारीक, चकचकीत. झाकणाच्या आट्यांमध्ये शिरलेलं.

आणि मग त्याला आठवलं, ही बाटली त्यानं कुठून उचलली होती.

लाल पट्ट्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. समितीच्या आधी कपाट साफ करताना त्यानं तो खरवडून काढला होता. काढताना वाचला होता, आणि जरा हसलाही होता. आता त्यातली ओळ अन् ओळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. ईथर उघडल्यापासून सहा महिने, पुढे नाही. हवा लागून आत दुसराच पदार्थ तयार होतो. झाकणापाशी पांढरे कण दिसले तर झाकण फिरवू नका. घासलं तरी फुटतो. बाटली उचलू नका, हलवू नका. दार लावा, माणसं दूर करा, कळवा.

बायकोनं दुपारी दोनदा जोर लावला होता.

तो खाली पडला असता, पण मनगटं धरलेली होती.

"नाही," तो म्हणाला. आवाज फुटला एकदाचा. "नाही उघडत मी. हात नाही लावत."

शांत.

"तारीखराव... हात नाही लावत."

पकड सुटली. एकेक बोट.

तो मागे मागे सरकत दारापर्यंत आला. आता त्याला कुणी धरलं नव्हतं. तरी त्यानं हात पुढे आणले नाहीत. व्हरांड्यात पोचेपर्यंत पाठीमागेच होते.

मग त्यानं बायकोला फोन लावला.

"झालं का?" ती म्हणाली. "की पक्कडही हरली?"

"तू दुपारी... किती जोर लावलास?"

"दोनदा. फडकं धरून. का हो? तुमचा आवाज असा का येतोय?"

"ती बाटली तारीखरावांच्या कपाटातली आहे. मी तिथून काढली. मी वर लेबल लावलं."

बारा वर्षं त्या लॅबमध्ये काढलेली बाई ती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"माझ्या दोन्ही हातांत होती हो," ती म्हणाली. "छातीशी धरून आणली मी ती."

"तू इकडे येऊ नकोस. कुणालाच येऊ देऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी जिन्यावर बसतो. कुणी वर जायला नको."

प्राचार्यांना फोन केला तेव्हा पावणेअकरा झाले होते. ते म्हणाले, "एका बाटलीसाठी? सकाळी बघू." हा माणूस उभ्या जन्मात वरिष्ठांना उलट शब्द बोलला नव्हता. त्या रात्री तो म्हणाला, "साहेब, सकाळी आठला तिथे चाळीस मुलं असतील. तुम्ही पोलिसांना कळवत नसाल तर मी कळवतो." आणि कळवलंसुद्धा.

बॉम्बशोधक पथक दीड वाजता आलं. जाड पोशाखातले दोघं आत गेले, आणि एक वाळूनं भरलेली पेटी घेऊन फार सावकाश बाहेर आले. कॉलेजच्या मागे मोकळं मैदान होतं. क्वार्टर्समधल्या सगळ्यांना उठवून लांब नेऊन बसवलं होतं, अंगावर चादरी, पोरं पेंगलेली. चार वाजून दहा मिनिटांनी मैदानात स्फोट झाला. अर्ध्या बाटलीचा. क्वार्टर्सच्या अकरा खिडक्यांच्या काचा गेल्या.

स्टोअरकीपरची बायको स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली होती. उजाडेपर्यंत तिनं ते मिटले नाहीत.

पथकाचा प्रमुख तिच्या नवऱ्याला म्हणाला, "पक्कड फरशीवर सापडली. झाकणावर तिच्या दातांचे ओरखडे होते. तुम्ही शेवटच्या क्षणी कसे थांबलात?"

"मला थांबवलं," तो म्हणाला.

"कुणी?"

त्यानं वॉचमनकडे बघितलं. परीक्षकांचा फोन नुकताच येऊन गेला होता. त्यांची गाडी रात्रभर वाटेतच अडकली होती. ते अजून गावात पोचलेही नव्हते.

"ते गृहस्थ परत खाली आले नाहीत, साहेब," वॉचमन म्हणाला. "मी जिन्यावरून नजर हटवली नाही."

मामा थांबले. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी खडखडत दूर जाईपर्यंत ऐकू आली.

"मामा," थोरली भाची हळूच म्हणाली, "एक सांगा. तारीखराव एवढे काटेकोर. मग नासलेल्या बाटल्या त्यांनी इतकी वर्षं कपाटात का राहू दिल्या? माणसं का नाही बोलावली?"

"अर्ज केले होते त्यांनी. दर सहा महिन्यांनी एक. ऑफिसात."

"मग?"

मामांनी खिशातून चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"ऑफिसात ते कुणी दाबून ठेवले, मामा?"



"दाबून नाही," मामा म्हणाले. "दाबायला वाईट हेतू लागतो. एका खणात ठेवले. वाटलं, म्हाताऱ्याची भुणभुण आहे. पुढच्या वेळी साहेबांपुढे ठेवू." त्यांचा आवाज खाली गेला. "नऊ अर्ज होते. मी मोजले नंतर. खण माझाच होता."

धाकटा भाचाही आता उठून बसला.

"त्यामुळे पुढचं मी ऐकीव सांगत नाही," मामा म्हणाले. "पुढचं मी बघितलंय."

त्या आठवड्यात बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या. कपाटातल्या सातपैकी एक बाटली मैदानात गेली होती. उरलेल्या सहा त्यांनी स्टोअरकीपरच्या यादीवरून हुडकून काढल्या. पाच बाटल्या त्या बंदोबस्तात घेऊन गेल्या. सहावीवर कारखान्याचं सील शाबूत होतं. बाई म्हणाल्या, "हिच्यापासून धोका नाही. पण वरचं लेबल काढा, आणि खालची खरी तारीख बघून नोंद करा. सगळ्याच बाटल्यांचं करा. दोनशे म्हणजे दोनशे."

शनिवारी दुपारी ते तिघं लॅबमध्ये बसले. स्टोअरकीपर, त्याची बायको आणि मामा. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून गेले, बादलीभर पाणी घेऊन. बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचं, थोडं थांबायचं, मग वरचा कागद अलगद सोलायचा. पहिली घेतली ती कपाटातलीच, सहावी. लेबल सतरा ऑगस्टला चिकटवलेलं, काठाला काठ. कुठे सुटलेलं नव्हतं. सोलताना नखानं जोर लावावा लागला.

खाली तारीखरावांचं लेबल निघालं. बाटली आली ती तारीख. आणि तिच्या खाली, शाईच्या पेनानं, तारखांची एक रांग. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते कपाटातल्या बाटल्या बघायचे, हे तिघांनाही तेव्हाच कळलं. प्रत्येक तारखेपुढे एक छोटी बरोबरची खूण. बघितली, ठीक आहे.

बायको मोठ्यानं वाचत होती, नवरा वहीत उतरवत होता.

"तीस नोव्हेंबर. एकतीस डिसेंबर. एकतीस जानेवारी..."

जानेवारीपाशी नवऱ्यानं पेन उचललं. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला तारीखराव गेले होते. मामा स्वतः खांदा द्यायला होते.

"लिहा," बायको म्हणाली. "अजून आहे."

"अजून काय आहे?"

"अठ्ठावीस फेब्रुवारी." तिनं बाटली उजेडाकडे वळवली. "एकतीस मार्च. तीस एप्रिल."

ती वाचत राहिली. मे. जून. जुलै. तेच बारीक, सरळ अक्षर. तीच खूण. मग तिचा आवाज फार हळू झाला, कारण पुढच्या तारखांच्या वेळी वरचं लेबल चिकटून बसलेलं होतं आणि बाटली कपाटातून रॅकवर गेलेली होती.

"एकतीस ऑगस्ट... तीस सप्टेंबर... एकतीस ऑक्टोबर..."

शेवटची ओळ तिनं वाचलीच नाही. बाटली नवऱ्यापुढे धरली. त्यानं बघितली. मग मामांपुढे धरली.

तीस नोव्हेंबर.

तिच्यापुढे खूण नव्हती. त्या रात्री ती करायला हात मोकळे नव्हते.